घरातले पडदे : आडोसाही हवा, उजेडही हवा

घराला रंग काढायचा ठरला की भिंतींचा रंग निवडायला सगळे घर एकत्र बसते. पडद्यांचा विषय मात्र शेवटी निघतो, तोही ईद चार दिवसांवर आली की. मग बाजारात जाऊन नजरेत भरेल ते कापड घ्यायचे, टेलरला हात पसरून 'खिडकी साधारण एवढी आहे' असे सांगायचे आणि पडदा चार बोटे आखूड निघाला की वर्षभर त्याच्याकडे बघून हळहळायचे. बहुतेक घरांत पडदे असेच येतात.

आपल्या घरांत पडद्याकडून कामे तर फार घेतली जातात. तो रस्त्यावरची नजर अडवतो, ऊन अडवतो, दोन खोल्यांच्या घरात भिंतीचे काम करतो. पाहुणे बसलेल्या खोलीतून आतल्या बायकांना मोकळेपणाने वावरता येते ते त्याच्यामुळेच. म्हणूनच पडदे निवडताना आणि पुढे सांभाळताना काय बघावे, हे या लेखात आम्ही जरा तपशिलाने मांडत आहोत.

पडदा कशासाठी?

घरातल्या माणसाला आपल्या घरात निवांतपणा मिळावा, ही गोष्ट इस्लामने फार गंभीरपणे घेतली आहे. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय जाऊ नये, असे सांगितले आहे. त्याच सूरहमध्ये फज्रच्या आधी, दुपारी विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर, अशा तीन वेळांना घरातल्या लहान मुलांनीसुद्धा विचारून आत यावे, अशी शिकवण आहे. हजरत पैगंबर (स.) कोणाच्या घरी गेले तर दारासमोर उभे न राहता उजव्या किंवा डाव्या बाजूला उभे राहून सलाम करत. त्या काळी घरांच्या दारांना पडदे नसत, हे त्याचे कारण हदीसमध्येच आले आहे. पडदा नसेल तिथे नजर आपण सांभाळायची, हा त्यातला धडा.

पडद्याच्या दिखाव्याबद्दलही आपल्यासमोर उदाहरणे आहेत. हजरत आयशा (रजि.) यांनी चित्रे असलेला पडदा लावला होता, तो पैगंबरांना (स.) आवडला नाही. तेव्हा तो फाडून त्याच्या उशा करण्यात आल्या. कापड वाया गेले नाही. हजरत फातिमा (रजि.) यांच्या दारावर नक्षीदार पडदा दिसला, तेव्हा आप (स.) आत न जाता परत फिरले आणि तो पडदा गरजू कुटुंबाकडे पाठवण्यास सांगितले. आडोसा हवा, पण डामडौल नको, आणि जे कापड आहे ते कोणाच्या तरी उपयोगी पडावे. पडदे घ्यायला निघताना एवढे मनात असले तरी निम्मी निवड सोपी होते.

आधी खोली बघा, मग कापड

दुकानात जाण्याआधी प्रत्येक खिडकीजवळ उभे राहून तीन प्रश्न विचारा. इथून आत कोण बघू शकते? इथून ऊन केव्हा येते? इथून वारा येतो का? तीन उत्तरे मिळाली की कापड आपोआप ठरते.

पश्चिमेच्या खिडकीतून असरच्या सुमाराचे ऊन थेट आत येते आणि खोली रात्रीपर्यंत तापलेली राहते. तिथे फिक्या रंगाचा, पांढरे अस्तर लावलेला पडदा बरा. फिका रंग ऊन परत फेकतो, गडद रंग ते शोषून घेतो. त्याहूनही उपयोगी पडतो तो खिडकीच्या बाहेरून सोडलेला बांबूचा चीक किंवा वाळ्याचा पडदा, कारण ऊन काचेच्या आत येण्याआधीच अडते. उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन कमीच असते. तिथे जाड पडदा लावून खोली अंधारी करण्यात अर्थ नाही.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावांत रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी झोपतो. त्याच्या झोपेसाठी मात्र दाट विणीचा किंवा ब्लॅकआऊटचा पडदा हा खरा खर्च आहे, चैन नव्हे. तसेच रमजानमध्ये सेहरीला स्वयंपाकघरात दिवा लागतो आणि तान्ही मुले जागी होतात. मधल्या दाराला जाड पडदा असेल तर आईचा निम्मा त्रास वाचतो.

नमाजची जागा ज्या भिंतीकडे तोंड करून आहे, तिथे खिडकी येत असेल तर पडदा साधा, एकरंगी किंवा अगदी बारीक वेलबुट्टीचा ठेवावा. पक्षी, प्राणी, माणसे यांची चित्रे तिथे नकोत. ठळक पट्टे आणि चमकदार जरसुद्धा लक्ष विचलित करतात.

दिवसा झाकतो, रात्री उघडे पाडतो

झिरझिरीत जाळीच्या पडद्यांबद्दल एक गैरसमज बऱ्याच घरांत असतो. दिवसा बाहेरून पाहिले तर आतले काही दिसत नाही, म्हणून पडदा पुरेसा आहे असे वाटते. पण दिवसा बाहेर उजेड जास्त आणि आत कमी असतो, म्हणून आतले दिसत नाही. मगरिबनंतर आत दिवा लागतो, बाहेर अंधार होतो आणि सगळे उलटे होते. तोच पडदा आता आतले सगळे रस्त्याला दाखवतो, आणि आत बसलेल्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

हे तपासणे सोपे आहे. मगरिबनंतर खोलीतला दिवा लावा, एकाला आत उभे करा आणि दुसऱ्याने बाहेर जाऊन, समोरच्या इमारतीच्या जिन्यावरून किंवा रस्त्यावरून बघावे. नवे कापड घ्यायचे असेल तर आधी त्याचा हातभर तुकडा आणून याच पद्धतीने पाहावा. माणसाची नुसती सावली दिसली तर अस्तर लावून भागेल. चेहरा किंवा कपड्यांचा रंग ओळखू आला तर ते कापड एकटे पुरणार नाही. अशा खिडकीला दुहेरी रॉड लावावा. काचेच्या बाजूला जाळीचा पडदा, खोलीच्या बाजूला दाट पडदा. दिवसा जाळी पुरते, दिवेलागणीला दाट पडदा ओढायचा.

आडोशापायी हवा बंद करू नका

आता आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. समोर लागून इमारत असली की अनेक घरांत खिडक्या दिवसभर जाड पडद्याने झाकलेल्या असतात. त्या घरातल्या बाया सकाळी पुरुष कामाला गेल्यापासून संध्याकाळपर्यंत दिव्याच्या उजेडात वावरतात. भिंतींना ओल धरते, कपड्यांना कुबट वास येतो, खोकला घरातून जात नाही. क्षयरोगासारखे आजार हवेतून पसरतात आणि कोंदट खोलीत ते जास्त पसरतात. घरात कोणी आजारी असेल तर खेळती हवा औषधाइतकीच गरजेची असते. उन्हातून मिळणारे 'ड' जीवनसत्त्वसुद्धा बंद काचेआडून मिळत नाही. त्यासाठी थेट ऊन अंगावर यावे लागते.

आडोसा आणि हवा यांत एकच निवडावे लागते असे नाही. याला स्वस्त आणि जुना उपाय आहे तो म्हणजे अर्धा पडदा. खिडकीच्या मधोमध एक बारीक सळई किंवा स्प्रिंगची तार लावा आणि पडदा फक्त खालच्या भागाला सोडा. तळमजल्यावर किंवा समोरच्या घराच्या पातळीवर बघणाऱ्याची नजर अडते. वरून उजेड आणि हवा येत राहते. वरच्या मजल्यावरून कोणी डोकावत असेल तर मात्र उलट करावे लागेल. तिथे बाहेरून, वरच्या बाजूने उतरता चीक लावावा, म्हणजे खालून वारा येईल.

दुसरी सवय लावून घ्यावी. सकाळी फज्रनंतर, रस्त्यावर वर्दळ नसते तेव्हा, सगळे पडदे पूर्ण बाजूला सारून समोरासमोरच्या खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवाव्यात. रात्रभर कोंडलेली हवा निघून जाते.

एका खोलीच्या दोन खोल्या

मुंबई, मुंब्रा, पुण्यातल्या लहान घरांत पडदा ही भिंतच असते. एका बाजूला दहावीची मुलगी अभ्यास करते, दुसऱ्या बाजूला टीव्ही चालू असतो. घरात नवी सून येते आणि एका पडद्यावर तिचा सगळा संसार उभा राहतो. अशा वेळी पडद्यात काटकसर करू नये. खोली विभागणारा पडदा छताला लावलेल्या पट्टीवर सरकणारा असावा, म्हणजे वर फट राहत नाही. पंख्याची पाती आणि पडदा यांत पुरेसे अंतर आहे ना ते आधी पाहावे. वाऱ्याने कापड उडून पात्यात अडकू शकते. खालच्या काठात साखळी किंवा शिशाच्या गोळ्या शिवून घेतल्या की पंख्याच्या वाऱ्यानेही पडदा जागचा हलत नाही. कापड दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे घ्यावे, म्हणजे कोणाच्याच वाट्याला उलटी बाजू येत नाही. पडदा आवाज अडवत नाही, हे मात्र घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावे. आवाज आपण कमी करायचा असतो.

घरात अंथरुणाला खिळलेले वडीलधारे असतील तर त्यांच्या पलंगाभोवती पडदा अवश्य असावा. त्यांचे कपडे बदलणे, अंग पुसणे, बेडपॅन देणे ही सगळी कामे घरातली मुलेबाळे आणि भेटायला आलेली माणसे यांच्यासमोर होतात, तेव्हा ते बोलत नाहीत, पण मनातून खचतात. दोन सुती चादरी आणि एक दोरी एवढ्यात त्यांची इज्जत राखता येते. काम झाले की पडदा सारून त्यांना पुन्हा घराच्या गप्पांत घ्यावे.

कापड कोणते?

सुती कापड हवा खेळती ठेवते, डोळ्यांना शांत वाटते, घरी धुता येते. मात्र ते पहिल्या धुण्यात आटते आणि उन्हाने त्याचा रंग फिका होतो. म्हणून शिवायच्या आधी कापड एकदा भिजवून वाळवून घ्यावे. पॉलिएस्टर आटत नाही, लवकर वाळते, चुरगळत नाही आणि पावसाळी हवेत सोयीचे पडते. पण आगीजवळ ते वितळते आणि अंगाला चिकटते. सुती आणि पॉलिएस्टरचे मिश्रण रोजच्या वापराला बहुतेक घरांत चांगले चालते. रेशीम उन्हाने विरते, त्याला अस्तराशिवाय खिडकीत लावू नये. मखमल भारदस्त दिसते, पण धूळ धरून ठेवते. घरात दम्याचा किंवा धुळीच्या ॲलर्जीचा माणूस असेल तर मखमल आणि जाड लोकरी पोत टाळावा, वरचेवर धुता येईल असे हलके कापड घ्यावे.

पैशांची ओढाताण असेल तर मांजरपाट हा गुणी सोबती आहे. साधे मांजरपाट अस्तर म्हणून लावले की स्वस्त छापील कापडसुद्धा दाट होते, त्याचा रंग टिकतो आणि चुण्या भरदार पडतात. सोलापुरी चादरीचे दाराचे पडदे अनेक घरांत वर्षानुवर्षे टिकलेले आम्ही पाहिले आहेत.

मोजमाप : अंदाज नको, टेप घ्या

खिडकीची नव्हे, रॉडची रुंदी मोजायची असते. रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच पुढे असावा, म्हणजे पडदा सारल्यावर पूर्ण खिडकी मोकळी होते. चौकटीच्या वरही सहा इंच सोडून रॉड लावावा.

एक उदाहरण घेऊ. खिडकी ४ फूट रुंद आणि ४ फूट उंच आहे. रॉड झाला ५ फूट. चुण्यांसाठी जाड कापड रॉडच्या साधारण दीडपट आणि पातळ कापड दुप्पट किंवा थोडे जास्त लागते. कापडाचा पन्हा ४ फूट असेल तर जाड कापडाचे दोन पाट पुरतात, पातळ कापडाचे तीन लागतात. लांबी अशी धरा : वर ६ इंच, खिडकी ४ फूट, खाली ६ इंच, म्हणजे तयार पडदा ५ फूट. वरच्या पट्टीला आणि खालच्या दुमडीला मिळून १ फूट धरला की एका पाटाला ६ फूट कापड लागले. दोन पाटांना १२ फूट, म्हणजे साधारण ३.७ मीटर. सुती कापड आटेल हे धरून ४ मीटर घ्यावे. मोठी फुले किंवा नक्षी असेल तर दोन्ही पाटांवर ती एका रेषेत येण्यासाठी आणखी कापड लागते, ते दुकानदाराकडून आधीच मोजून घ्यावे.

तयार पडदे बहुधा ५, ७ आणि ९ फूट लांबीचे मिळतात. पाचाचा खिडकीला, साताचा दाराला, नवाचा उंच दाराला. दाराचा पडदा जमिनीपासून इंचभर वर राहावा. जमिनीवर लोळणारा पडदा फोटोत छान दिसतो, पण लादी पुसताना भिजतो आणि म्हाताऱ्या माणसांच्या पायात येतो.

रिंगांचा पडदा शिवायचा असेल तर प्रत्येक पाटाला रिंगा सम संख्येत घ्या, आठ किंवा दहा. विषम झाल्या तर पाटाची एक कड भिंतीकडे वळते आणि दुसरी पुढे येते. रॉड ५ फुटांहून लांब असेल तर मध्ये एक आधार लागतोच, नाहीतर वजनाने तो वाकतो. कोकणात, समुद्राकाठी साध्या लोखंडी रॉडला गंज चढतो आणि त्याचे डाग कापडावर उतरतात. तिथे स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम किंवा लाकडी रॉड घ्यावा.

धुणे आणि वाळवणे

आठवड्यातून एकदा पडदे झटकावेत किंवा ब्रशने वरून खाली झाडावेत. बहुतेक घरांत तीन-चार महिन्यांनी धुणे पुरते. रस्त्यालगतच्या आणि स्वयंपाकघरातल्या पडद्यांना लवकर धुवावे लागते. ईदच्या आदल्या दिवशी सगळ्या घराचे पडदे काढण्यापेक्षा शबे-बरातच्या सुमाराला एकेका खोलीचे धुवून घ्यावेत. रोजे असताना ओल्या पडद्यांचे ओझे कोणाच्या अंगावर पडत नाही.

धुण्याआधी हूक काढून ठेवा. रिंगा निघत नसतील तर तो भाग उशीच्या अभ्र्यात घालून दोरीने बांधा, म्हणजे मशीनला मार लागत नाही. रंग जातो का ते पाहायला एका कोपऱ्यावर ओला पांढरा कपडा घासा. मीठ घातले की रंग पक्का होतो, यावर विसंबू नका. गडद पडदे पहिल्या दोन-तीन वेळा वेगळेच धुवा. साधे गार पाणी आणि थोडी पावडर पुरते. मशीन गच्च भरू नका. धुळीच्या ॲलर्जीचा माणूस घरात असेल आणि कापड सोसणारे असेल तर ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा, त्याने धुळीतले सूक्ष्म किडे मरतात. रेशीम, मखमल आणि जरीचे काम ड्रायक्लीनिंगलाच द्यावे.

रंगीत पडदे सावलीत, उलट्या बाजूने वाळवावेत. थोडे दमट असतानाच रॉडवर चढवले आणि खिडकी उघडी ठेवली की वजनाने सुरकुत्या निघतात, इस्त्रीचे काम वाचते.

पावसाळ्यात पडद्यावर काळे ठिपके दिसले तर ती बुरशी. पडदा आधी बाहेर नेऊन ब्रशने झाडावा, मग धुवून कडक उन्हात वाळवावा. पांढऱ्या सुती कापडाला पातळ केलेले ब्लीच चालते. पण ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा ॲसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. पडदे ठेवणीत टाकताना पूर्ण कोरडे करून, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह ठेवावेत. डांबराच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

मुले आणि आग

ओढून वर करायच्या पट्ट्यांच्या पडद्यांना लोंबती दोरी असते. तिच्या फासात लहान मुलाची मान अडकून जीव गेल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत. अशी दोरी मुलाच्या हाताला लागणार नाही इतकी वर, भिंतीवरच्या खुंटीला गुंडाळून ठेवावी. पाळणा, पलंग, खुर्ची अशा खिडकीजवळ ठेवू नये. दोरीविना मिळत असतील तर तेच घ्यावेत.

गॅसच्या शेगडीजवळच्या खिडकीला लांब पडदा नकोच. तिथे काचेला दुधी कागद चिकटवला की आडोसाही होतो आणि धोकाही राहत नाही. लोबान, अगरबत्ती, मेणबत्ती आणि डासांची कॉइल यांच्याजवळ पडदा उडून येणार नाही, हे झोपायच्या आधी बघावे.

जुन्या पडद्याचे काय?

पडदा काचेच्या बाजूने विरतो, बाकीचे कापड धड असते. त्याच्या उशा, जेवणाच्या डब्याच्या पिशव्या, शिलाई मशीनचे झाकण, दस्तरखानाखालचे अंथरूण असे बरेच काही निघते. चांगल्या स्थितीतले पडदे धुवून, इस्त्री करून ज्या घराला दार असून पडदा नाही अशा घरी पोहोचवावेत. देताना रॉड आणि हूकही द्यावेत, नाहीतर घेणाऱ्याला ते विकत आणावे लागतात आणि पडदा तसाच घडीत राहतो.

या महिन्यात एवढे करून बघा. एका संध्याकाळी दिवा लावून घराबाहेर जा आणि आपली खिडकी बाहेरून पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पडदे सारून घरात किती उजेड येतो तेही पाहा. कोणत्या खिडकीला जास्त कापड लागेल आणि कोणत्या खिडकीचे कमी करता येईल, ते या दोन वेळांत कळेल. मग टेप घेऊन मोजा आणि बाजारात जा.